मुंबई सेंट्रलचं वायफाय: फलाटापर्यंत आलेलं इंटरनेट

२२ जानेवारी २०१६ रोजी तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी मुंबई सेंट्रल स्थानकात मोफत वायफाय सुरू केलं. गूगल आणि रेल्वेची दूरसंचार कंपनी रेलटेल यांच्या भागीदारीतलं हे देशातलं पहिलं स्थानक. सप्टेंबर २०१५ मध्ये पंतप्रधान मोदी कॅलिफोर्नियात गेले असताना गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी अशा ४०० स्थानकांची घोषणा केली होती. त्यातली सर्वाधिक गर्दीची १०० स्थानकं २०१६ संपायच्या आत जोडायची होती, आणि तेवढ्या १०० स्थानकांतूनच रोज एक कोटीहून जास्त माणसं जा-ये करतात असा त्यांचा हिशेब होता. पुढे ४०० स्थानकं खरोखरच झाली, आणि मग फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने या योजनेतून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. मोबाइल डेटा आता इतका स्वस्त झाला आहे की लोकांचं काम त्यावर भागतं, हे त्याचं मुख्य कारण सांगितलं गेलं.

शहरातल्या कमी उत्पन्नाच्या माणसांपर्यंत परवडणारं इंटरनेट कसं न्यायचं, या प्रश्नावर आपल्याकडे जे मोठे प्रयोग झाले त्यात हा सगळ्यात शिकण्यासारखा. योजना चांगली चालली, तिच्यावर घोटाळ्याचा डाग नाही, लोकांनी ती मनापासून वापरली. तरी ज्या घरांना तिची खरी निकड होती त्यांच्या दारापर्यंत ती गेली नाही. माझ्या मते याचं कारण पहिल्या दिवसापासून आराखड्यातच होतं. तार जिथे आधीच होती तिथे इंटरनेट आलं. माणसं जिथे राहतात ती जागा कुणी मोजलीच नाही.

तार रेल्वेकडे कशी आली, ते आधी पाहू. रेलटेल ही रेल्वे मंत्रालयाची कंपनी २००० साली स्थापन झाली. गाड्यांच्या नियंत्रणासाठी आणि सिग्नलसाठी रुळांच्या कडेने ऑप्टिकल फायबर टाकलं जात होतं, आणि त्याची क्षमता रेल्वेच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त होती. उरलेली क्षमता बाहेर विकावी, हा कंपनीचा उद्देश. शहरात फायबर टाकताना खरी डोकेदुखी तारेच्या किमतीची नसते. रस्ता खोदायला महापालिकेची परवानगी, खड्डा बुजवायचं शुल्क, पावसाळ्यातली खोदाईबंदी, आणि प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीची मनधरणी, यात महिने जातात. रेल्वेला यातलं काहीच करावं लागत नाही, कारण रूळ तिचे, जमीन तिची आणि खांबही तिचेच. त्यामुळे गूगलने फलाटावरच्या वायरलेस यंत्रणेचा भार उचलला, रेलटेलने मागची तार दिली, आणि मुंबई सेंट्रलवर एकाच वेळी मोठ्या गर्दीला पुरेल असं जाळं उभं राहिलं. एप्रिल २०१६ मध्ये पुण्यासह आणखी नऊ स्थानकं जोडली गेली. डिसेंबरमध्ये उटी हे शंभरावं आणि जून २०१८ मध्ये आसाममधलं दिब्रुगढ हे चारशेवं स्थानक ठरलं.

वापरायची रीत अशी. फोनच्या सेटिंगमध्ये 'रेलवायर' नावाचं जाळं दिसे. ते निवडलं की ब्राउझरमध्ये एक पान उघडे, त्यात मोबाइल नंबर टाकायचा, एसएमएसवर ओटीपी येई, तो भरला की नेट चालू. काही वेळ वेग भरपूर मिळे, मग उतरे. इतकं साधं. पण यात एक खोच आहे जी घाईत लक्षात येत नाही: ओटीपी यायला हातात चालू सिमकार्ड असावं लागतं. रिचार्ज संपून इनकमिंगही बंद पडलेला फोन, घरातला सिम नसलेला जुना हँडसेट, शाळेने दिलेला टॅबलेट ही सगळी साधनं इथे दाराबाहेर राहतात. ज्याच्याकडे नेटसाठी पैसे नाहीत त्याच्यासाठीची सोय, पण आत शिरायला मोबाइलचं बिल भरलेलं हवं.

ही अट रेलटेलची किंवा गूगलची नव्हे. तिचा उगम आपल्याच अंगणात आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादला साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना गेलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या वायफायवरून गेल्याचं तपासात निघालं. घरात राहणाऱ्या माणसाचा त्याच्याशी संबंध नव्हता, त्याच्या वायफायला कुलूप नव्हतं इतकंच. पुढच्या काही आठवड्यांत मुंबईतल्या एका महाविद्यालयाचं जाळं असंच वापरलं गेलं. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सूचना काढल्या: सार्वजनिक वायफायवर येणाऱ्या प्रत्येकाची ओळख पटलीच पाहिजे, ओळखपत्राची प्रत घेऊन किंवा मोबाइलवर पासवर्ड पाठवून. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णयात खोट काढता येत नाही. पण तेव्हापासून भारतातलं जवळपास प्रत्येक सार्वजनिक वायफाय मोबाइल नंबरच्या दोरीला बांधलं गेलं, आणि डिजिटल समावेशनाच्या चर्चेत या दोरीचं नाव क्वचितच निघतं.

वापर मात्र दणदणीत झाला. २०१६ च्या सुरुवातीला एका जीबीचा महिन्याचा पॅक साधारण अडीचशे रुपयांना पडायचा, आणि लोक तो जपून वापरायचे. रात्री झोपताना डेटा बंद करायची सवय अनेकांना आठवत असेल. व्हिडिओ कुणी पाठवला तर 'वायफायवर बघतो' हे उत्तर ठरलेलं असे. त्या काळात फलाटावर उभं राहून एका बैठकीत शेकडो एमबी उतरवता येणं ही चैन होती. चारशेव्या स्थानकाच्या वेळी गूगलने दिलेले आकडे असे: महिन्याला ८० लाखांहून जास्त वापरकर्ते, आणि एका बैठकीत सरासरी ३५० एमबी. एवढा डेटा त्याआधीच्या काळात कित्येक जण आठवडाभर पुरवत.

ऑक्टोबर २०१६ मध्ये बातमी आली की वापरात पाटणा स्थानक देशात पहिलं आहे, आणि त्यातला बराच भाग अश्लील संकेतस्थळांवर जातो असं रेलटेलच्या एका अधिकाऱ्याने सांगितलं. वर्तमानपत्रांना चार दिवस खाद्य मिळालं. दुसऱ्या टोकाला २०१८ ची एर्नाकुलमची बातमी. स्थानकावरचा एक हमाल कानात इयरफोन घालून, स्टेशनच्या वायफायवरून मिळवलेल्या अभ्यासाच्या ध्वनिफिती ऐकत सामान वाहायचा, आणि केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला. पहिली बातमी योजनेची टिंगल करायला वापरली गेली, दुसरी जाहिरातीला. दोन्हींतून योजनेबद्दल फारसं कळत नाही. नेट मिळालं की माणसं ते करमणुकीला, अभ्यासाला, गप्पांना, सगळ्यालाच वापरतात, जशी पैसेवाल्यांच्या घरातली माणसं वापरतात. गरिबाच्या नेटनेच तेवढं सदुपयोगाचं प्रमाणपत्र का दाखवायचं?

पाटण्याच्या आकड्यात एक कामाची गोष्ट मात्र होती. स्वस्त ब्रॉडबँडची सोय कमी असलेल्या गावातलं स्टेशन यादीत सर्वात वर आलं, याचा अर्थ मागणी प्रवाशांच्या संख्येपेक्षा घरच्या अभावाशी जास्त बांधलेली असावी. गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशासाठी आखलेली सोय स्टेशनच्या आसपासच्या माणसांनीही उचलली असेल, तर तोच धागा पकडून जाळं स्टेशनच्या बाहेर, शेजारच्या वस्तीत न्यायला हवं होतं. थोडा प्रयत्न झालाही. २०१८ मध्ये पुण्यात स्मार्ट सिटीच्या कामातून शहरातल्या दीडशे ठिकाणी गूगलच्या याच योजनेचं, म्हणजे 'गूगल स्टेशन'चं, वायफाय आणलं गेलं. मुंबईत त्याआधी, जानेवारी २०१७ मध्ये, राज्य सरकारने ५०० ठिकाणी स्वतःचं मोफत वायफाय सुरू करून १ मे पर्यंत १२०० ठिकाणांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. दोन्हीकडे मोजमाप एकच: किती ठिकाणं झाली. बाग, रुग्णालय, चौक, सरकारी कचेरी. एखाद्या वस्तीतल्या किती घरांत संध्याकाळी सात वाजता नेट चालतं, हा आकडा कुणी मागितला नाही, म्हणून कुणी दिलाही नाही.

दरम्यान बाजारानेच खेळ बदलला. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, आणि मार्च २०१७ संपेपर्यंत या ना त्या नावाने फुकट चाललं. बाकी कंपन्यांना भाव पाडावेच लागले. जानेवारी २०१८ मध्ये जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक १४९ रुपयांवर आला. फलाटावरच्या ३५० एमबीचं अप्रूप तिथेच संपलं. फेब्रुवारी २०२० च्या निवेदनात गूगलने ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, हवाला देऊन सांगितलं की भारतात पाच वर्षांत डेटाचे दर ९५ टक्क्यांनी उतरले आणि सरासरी भारतीय महिन्याला जवळपास १० जीबी वापरतो. वेगवेगळ्या देशांतल्या भागीदारांच्या तांत्रिक गरजा आणि पायाभूत सुविधा वेगळ्या असल्याने ही योजना टिकवणं अवघड होत आहे, हेही त्यात होतं. एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी: हा निर्णय व्यवसायाच्या बाजूने पाहिला तर चूक म्हणता येत नाही. लॉगिनच्या पानावर जाहिराती दाखवून खर्च भरून काढायचा, आणि लोक मात्र त्या पानावर येईनासे होणार, तर कंपनी किती दिवस चालवेल? आणि जाताना तिने जाळं उखडलं नाही. स्थानकं रेलटेलकडे गेली, सेवा चालू राहिली.

निवेदन आलं १७ फेब्रुवारीला. पुढच्या महिन्यात, २२ मार्चच्या रात्री, मुंबईची लोकल थांबली.

इथे या प्रकरणाचा खरा कस लागला, म्हणून थोडं रेंगाळतो. धारावीचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला माहीम, पश्चिम रेल्वेचे रूळ. पूर्वेला शीव, मध्य रेल्वेचे रूळ. वस्ती या दोन मार्गांच्या मधोमध, काही गल्ल्या तर रुळांना अक्षरशः खेटून. देशभरात साडेपाच हजारांहून जास्त स्थानकांवर तोवर रेलटेलचं वायफाय पोचलं होतं. म्हणजे देशातल्या सर्वात दाट वस्त्यांपैकी एकीच्या दोन्ही बाजूंनी फायबर पळत होतं, आणि मध्ये जूनपासून शाळेतली मुलं आईच्या किंवा वडिलांच्या फोनवर शाळा शिकत होती. फोन एक, मुलं दोन किंवा तीन. वडील कामावर परत गेले की फोनही त्यांच्याबरोबर जायचा. तासिका सकाळी, फोन घरी संध्याकाळी. रोजचा दीड जीबी एका मुलाच्या दोन-तीन व्हिडिओ तासांत संपायचा, मग शेजारच्या दादाला 'हॉटस्पॉट दे ना' म्हणायचं, आणि दादाचाही डेटा संपलेला असायचा.

स्टेशनात जायची सोय नव्हतीच. लोकल जून २०२० मध्ये अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी उघडली. सर्वसामान्यांना ती फेब्रुवारी २०२१ मध्ये, तीही ठराविक वेळांपुरती मिळाली, आणि एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली. ज्या वर्षी शहराला सार्वजनिक नेटची सर्वाधिक गरज पडली त्या वर्षी शहरातलं एक मोठं सार्वजनिक जाळं बंद दारांमागे, रिकाम्या फलाटांवर होतं. ही कुणाची लबाडी नव्हती. जाळ्याची जागा प्रवाशाच्या सोयीने ठरली होती, आणि प्रवासच थांबला.

राज्याने त्या वर्षी जे केलं ते या संदर्भात बोलकं आहे. दीक्षा ॲप होतं, 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला मोबाइलवर येत होती. पण जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिकाही सुरू करावी लागली, कारण टीव्हीला रिचार्ज लागला तरी ओटीपी लागत नाही आणि एका पडद्यासमोर तीन भावंडं बसू शकतात. चांगली मालिका होती. पण २०२० साली महाराष्ट्रात शिक्षणासाठी दूरदर्शनकडे वळावं लागलं, हे 'डेटा स्वस्त झाला, प्रश्न सुटला' या म्हणण्याला पुरेसं उत्तर आहे.

राष्ट्रीय नमुना पाहणीची ७५ वी फेरी जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात झाली. जिओ येऊन वर्ष उलटलेलं, डेटा जगात सर्वात स्वस्त दरांपैकी एका दराने मिळत होता. त्या पाहणीत भारतातल्या शहरी कुटुंबांपैकी ४२ टक्क्यांकडेच इंटरनेटची सोय निघाली, आणि संगणक २३.४ टक्क्यांकडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शहरी पुरुषांपैकी ७२.५ टक्क्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं, शहरी स्त्रियांपैकी ५१.८ टक्क्यांनी. या २१ टक्क्यांच्या दरीला दर जीबी किंमत जबाबदार नाही, ती तर दोघांना सारखीच. फोन कुणाच्या नावावर, कुणाच्या खिशात, आणि तो वापरायला कुठे उभं राहायचं, हे प्रश्न त्यामागे आहेत.

कुठे उभं राहायचं, याचंच घ्या. रात्री साडेनऊला फलाटाच्या बाकावर बसून अर्ज भरणारा मुलगा कुणाच्या नजरेत येत नाही. त्याच्या बहिणीने तेच केलं तर घरून फोन येतो, आणि फलाटावरचे चार जण वळून बघतात. योजनेच्या वापराचे आकडे जाहीर होताना त्यात किती बायका, हे मी कधी वाचलं नाही. शिवाय फलाटावर नुसतं बसायलाही तिकीट लागतं. फलाट तिकीट १० रुपये, दोन तासांपुरतं. मार्च २०२१ मध्ये तर एक मजेदार योग जुळला. रेलटेलने चार हजार स्थानकांवर पैसे भरून वापरायचे पॅक आणले: पहिला अर्धा तास १ एमबीपीएसने मोफत, मग १० रुपयांत दिवसाला ५ जीबी, ७० रुपयांत महिन्याला ६० जीबी. दर खरंच चांगले. त्याच मार्चमध्ये मध्य रेल्वेने गर्दी टाळण्यासाठी मुंबईतल्या दादर, ठाणे, कल्याणसारख्या मोठ्या स्थानकांवर फलाट तिकीट ५० रुपये केलं होतं. पासधारकाला काही फरक पडला नाही. पण नेट वापरायला म्हणून येणाऱ्याला ते १० रुपयांचं नेट ६० रुपयांना पडलं असतं.

आणि स्वस्ताईचं काय झालं? १४९ चा तोच रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक डिसेंबर २०१९ मध्ये १९९ झाला, डिसेंबर २०२१ मध्ये २३९, जुलै २०२४ मध्ये २९९. साडेसहा वर्षांत दुप्पट. जगाशी तुलना केली तर अजूनही स्वस्तच म्हणावं लागेल. पण तीन फोन असलेल्या घराला महिन्याला नऊशे रुपये, आणि कंपन्यांचा महिना २८ दिवसांचा असल्याने वर्षात तेरा वेळा. 'डेटा स्वस्त आहे' या एका तात्पुरत्या वस्तुस्थितीच्या भरवशावर सार्वजनिक सोयीचा हात सोडला गेला, आणि भाव कंपन्यांच्या हातात राहिला. हा माझा या प्रकरणावरचा मुख्य आक्षेप. मक्तेदारी आली की भाव चढतात हे भाजी आणणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं.

सरकारने पुढे उचललेलं पाऊल कागदावर मात्र नेमकं होतं. ट्रायने मार्च २०१७ मध्येच सुचवलेली 'वाणी' ही रचना डिसेंबर २०२० मध्ये 'पीएम-वाणी' नावाने मंत्रिमंडळाने मंजूर केली. कल्पना जुन्या पीसीओची. पिवळ्या बोर्डाच्या पीसीओने टेलिफोन गल्लीबोळात नेला, कारण दुकानदाराला त्यात चार पैसे मिळत होते. तसंच किराणावाला, झेरॉक्सवाला, चहावाला यांनी दुकानात वायफायचा डबा लावावा, आणि दोन रुपयांपासून वीस रुपयांपर्यंतचे छोटे पॅक विकावेत. दुकानदाराला परवाना नको, नोंदणी नको, शुल्क नको. ग्राहकांची नोंद आणि हिशेब ठेवणारी संस्था वेगळी, ॲप वेगळं, मध्यवर्ती नोंदवही सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेकडे. रेल्वेनेही मे २०२२ मध्ये १०० स्थानकांवर ही पद्धत जोडली. जाळं फलाटावरून उठून वस्तीच्या तोंडाशी यावं, हे या रचनेत पहिल्यांदा शक्य झालं.

उद्दिष्ट होतं २०२२ पर्यंत देशात एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉट. २०२४ च्या मध्याला पीएम-वाणीचे सुमारे दोन लाख होते.

का, ते एका दुकानाच्या हिशेबाने पाहू. आकडे उदाहरणाचे आहेत, पण प्रमाण खरं आहे. समजा दुकानदाराने घरगुती फायबरचा महिना ६०० रुपयांचा प्लॅन घेतला आणि पाच रुपयांचे पॅक विकले. महिन्याला १२० पॅक, म्हणजे रोज चार गिऱ्हाइकं आली की तारेचा खर्च सुटला. गल्लीच्या तोंडावरच्या दुकानाला हे अवघड नाही. पण नेट कंपन्या म्हणायच्या, तू हे पुढे विकणार आहेस, तेव्हा घरगुती प्लॅन मिळणार नाही, व्यावसायिक लीज्ड लाइन, म्हणजे फक्त तुझ्यासाठी राखीव जोडणी, घे. आणि १०० एमबीपीएसच्या लीज्ड लाइनचा दर तेवढ्याच क्षमतेच्या घरगुती फायबरच्या ४० ते ८० पट आहे, हे ट्रायनेच २०२४ मध्ये नोंदवलं. ४० पट धरा. ६०० चे झाले २४,०००. आता तोच दुकानदार महिन्याला ४,८०० पॅक विकेल तेव्हा बरोबरीत येईल, रोज १६० गिऱ्हाइकं. एवढी गिऱ्हाइकं तर त्याच्या साखरेलाही नसतात. मोबाइल कंपन्यांच्या संघटनेचं म्हणणं होतं की ४जी-५जी आल्यावर सार्वजनिक वायफायला मागणीच उरलेली नाही. ज्यांच्या रिचार्जच्या धंद्यावर या दोन-पाच रुपयांच्या पॅकमुळे टाच यायची, आणि ज्यांच्यापैकी काहींकडून दुकानदाराने तार विकत घ्यायची, त्यांनीच मागणी नसल्याचं सांगावं, यावर वेगळी टिप्पणी नको.

सप्टेंबर २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने नियम बदलून दुकानदार आणि कंपनी यांच्यातल्या वेगळ्या व्यावसायिक कराराची अट काढली. जून २०२५ मध्ये ट्रायने दर आदेशात दुरुस्ती केली: २०० एमबीपीएसपर्यंतचा कोणताही घरगुती फायबर प्लॅन अशा दुकानदाराला द्यावाच लागेल, आणि त्याची किंमत घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त नसेल. ऑगस्ट २०२४ च्या मसुद्यात घरगुती दरानेच देण्याचा प्रस्ताव होता, तो दुपटीवर आला. तरीही आमच्या उदाहरणातला दुकानदार आता १,२०० रुपयांत काम करू शकेल, कर धरून चौदाशेच्या आसपास, म्हणजे रोज नऊ-दहा पॅक. अवघड आहे, पण अशक्य राहिलेलं नाही.

दर बसला म्हणून तार वस्तीत आपोआप येत नाही. मुंबईच्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत शेवटची शंभर मीटर तार सहसा स्थानिक केबलवाल्याची असते. छपरांवरून, विजेच्या खांबांवरून गेलेली ती तार एका गल्लीत एकाची, पुढच्या गल्लीत दुसऱ्याची. मोठ्या कंपनीचा प्लॅन कागदावर असला तरी तो त्या गल्लीत जोडून द्यायला माणूस येईलच असं नाही, आणि गल्लीतल्या मालकाला डावलून आलेली तार किती दिवस टिकेल तेही सांगता येत नाही. एका दुकानातला राउटर पत्र्याच्या भिंतींपलीकडे फार लांब पोचत नाही, धातूचा पत्रा लहरी अडवतो. दहा बाय बाराच्या खोल्या आणि त्यांवरचे पोटमाळे यांच्या दाटीत थोड्या थोड्या अंतरावर डबा लागेल. म्हणजे एका वॉर्डात एखादं आदर्श केंद्र उभारून फोटो काढण्याऐवजी एकाच गल्लीत चार दुकानं, एक अंगणवाडी आणि एक अभ्यासिका जोडावी लागेल. त्यातही केबलवाल्याला भागीदार करून घेतलं तर काम लवकर होईल असं मला वाटतं, कारण वस्तीत बिघाड झाला की रात्री दहालाही शिडी घेऊन येणारा तोच असतो.

ओटीपीची अट पीएम-वाणीतही कायम आहे. वापरकर्त्याची ओळख मोबाइल नंबरवरच पटते, फरक इतकाच की ॲपमध्ये ती एकदा पटली की पुढच्या दुकानात पुन्हा करावी लागत नाही. सिम नसलेल्या टॅबलेटवर शिकणाऱ्या मुलीसाठी इथे अजून वाट काढलेली नाही. अभ्यासिकेने किंवा शाळेने आपल्या जबाबदारीवर अशी साधनं नोंदवून घ्यावीत, ही सोय नियमांत बसवता येण्यासारखी आहे. फेब्रुवारी २००९ च्या सूचनांमध्येही ओळखपत्राची प्रत घेऊन प्रवेश देण्याचा पर्याय होताच.

रेलटेलची तार तर माहीम आणि शीव यांच्या मधल्या वस्तीच्या दोन्ही बाजूंना आजही आहे. रेल्वेच्या हद्दीबाहेर, पहिल्या गल्लीतल्या दुकानदाराला ती २०२५ च्या त्याच दुप्पट दराने रेलटेलने द्यायची ठरवली, तर रस्ता फार थोडा खोदावा लागेल. रेलवायर या नावाने ती कंपनी घरगुती ब्रॉडबँड विकतेच, त्यामुळे या कामासाठी तिला नवा धंदा शिकायचा नाही. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसने तेवढ्या तुकड्याची परवानगी किती दिवसांत द्यायची, हे आधी ठरवून घ्यावं लागेल.